बेंचवरचा ओव्हरकोट

कॉव्हेंट्री,
गुरुवार

प्रिय ईशिता,

तुझ्या गुडघ्याच्या डॉक्टरांनी शेवटी काय सांगितलं ते मला कळलं, आणि क्लबने तुला काय विचारलंय तेही. खेळणं कायमचं बंद. त्याऐवजी मुलींच्या संघाची कोच हो, आणि हो की नाही ते रविवारपर्यंत कळव. मी तुला फोन केला होता, तू घेतला नाहीस. एका अर्थी बरंच झालं. फोनवर मी भलतीकडेच भरकटतो आणि तू लगेच 'आजोबा, पॉइंटवर या ना' म्हणतेस. पत्रात तुला मला अडवता येणार नाही. मेडनहेडला घरी बसून सध्या तुला वेळही असेल. मराठी वाचायला तुला थोडं जड जातं, म्हणून अक्षर मोठं काढतो आहे.

मी इथे आलो तेव्हा आमच्या भिंतीला भिंत लागून एल्मर टॉलिव्हर राहायचा, हे तू ऐकलं आहेसच. पण तुला माहीत असलेला एल्मर म्हणजे फोटोतला, नाक तीनदा मोडलेला म्हातारा. त्याची सगळी कहाणी मी तुला कधी नीट सांगितली नाही. तू खेळत होतीस तोवर सांगायचं कारणही नव्हतं.

तो कॅनडाचा, उत्तरेकडच्या एका खाणीच्या गावातला. आमची पहिली भेट झाली ती दोन घरांमधल्या कुंपणावर. 'मी हॉकी खेळायचो,' तो म्हणाला. मी नुकताच नाशिकहून आलेलो, चोवीस वर्षांचा शहाणा. म्हटलं, हॉकीचं तुम्ही आम्हाला काय सांगता, आम्ही तर जगज्जेते. त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, 'गवतावरची?' त्याची हॉकी बर्फावरची, आणि त्या एका शब्दात जेवढा तुच्छपणा होता तेवढा मी पुढे कुठल्याही इंग्रजाकडून ऐकला नाही. मग दुसऱ्या दिवशी डोरीनने, त्याच्या बायकोने, समेट म्हणून डबा भरून अ‍ॅपल पाय पाठवला, आणि तुझ्या आजीने, सुमनने, डबा रिकामा कसा परत करायचा म्हणून त्यात चिवडा भरला. पुढची कित्येक वर्षं ते डबे येत-जात राहिले.

एल्मर विशीत पैसे घेऊन खेळायला लागला. पैसे घेऊन खेळणं तेव्हा नवीनच होतं. त्याच्या वडिलांना ती कामचुकारांची नोकरी वाटायची. तो बचावातला, डिफेन्समन, तुझ्यासारखाच. पण त्यांचा खेळ तुमच्यापेक्षा अगदी वेगळा. डोक्यावर टोप नाही, तोंडावर जाळी नाही. बदली खेळाडू फारसे नसायचे, म्हणून एकदा बर्फावर उतरलं की सामना संपेपर्यंत तिथेच. त्याच्या सुरुवातीच्या काळात पुढे पासदेखील देता यायचा नाही. पक, म्हणजे ती रबराची चकती, हाती आली की डिफेन्समनने स्वतःच ती घेऊन समोरच्यांच्या गर्दीतून वाट काढायची. बाकीचा वेळ उलटं सरकत राहायचं, नजर समोर ठेवून, आणि अंगावर येणाऱ्या माणसाला हळूहळू कडेच्या लाकडी फळ्यांकडे ढकलत न्यायचं. मी त्याला म्हणालो, हे आमच्या वृत्तातल्या यतीसारखं आहे. ओळीत एका ठरलेल्या जागी क्षणभर थांबायचं असतं, आणि त्या थांबण्यानेच ओळ तोलली जाते. तो म्हणाला (माझं मुरलीधर त्याच्या तोंडी मर्ली झालेलं), 'मर्ली, मी तिथे क्षणभर थांबलो असतो तर तो माझ्यामागे गोल करून घरी जेवायला गेला असता.' शाळेत चालीवर म्हटलेल्या कवितांवर माझा पिंड पोसलेला. मी कशालाही कविता चिकटवायचो आणि तो ती सोलून काढायचा.

तो बारा-तेरा वर्षं खेळला. एक लीग बुडाली, मग दुसरीकडे गेला. नियम बदलले, पुढे पास देता यायला लागला, आणि बर्फावर सगळेच एकदम वेगाने धावायला लागले. तो तिशी ओलांडलेला, पण नवीन खेळही तो शिकत होता. आणि एका सामन्यात फळीवर आदळून त्याचा उजवा गुडघा गेला. तुझाही उजवाच.

आता पुढचं त्याने मला कसं सांगितलं ते ऐक. तुझ्या आजीने एकदा हट्ट धरला की मला बर्फावर घसरायचं आहे. नवीन लग्न झालेलं, नवीन देश, तिला सगळंच करून बघायचं होतं. आम्ही सॉलिहलच्या रिंकवर गेलो. सुमनने पाचवारी खोचून घेतलेली, आत माझी लोकरीची पँट, वरून कोट. मी कठड्याला धरून उभा. मी काय तिला शिकवणार? एल्मर आमच्याबरोबर नुसता बघायला आलेला. तो आयुष्यभर कोच होता, पण कोच झाल्यापासून त्याच्या पायात स्केट्स कुणी पाहिले नव्हते. गुडघा, तो सांगायचा. त्या दिवशी सुमन दोन पावलांत आपटली, उठली, पुन्हा आपटली आणि बसल्या जागी हसत सुटली, 'एल्मरभाऊ, नुसते बघताय काय?' तो उठला, भाड्याच्या खिडकीवरून स्केट्स घेऊन आला, आणि तिचे दोन्ही हात धरून उलटा सरकायला लागला. सत्तरीचा माणूस, ईशिता. मागे न बघता, एकही पाऊल न चुकता, तिला पूर्ण रिंकभर ओढून आणलं. ती ओरडत होती, 'सोडू नका हो, सोडू नका!' स्केट्स न घालण्याइतकं गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं.

परत आल्यावर तो बाकावर बसला आणि बराच वेळ लेस सोडत राहिला. सुमन चहा आणायला गेली तेव्हा बोलला. तो हॉस्पिटलात होता, पाय प्लास्टरमध्ये. डॉक्टर म्हणाले होते, चालशील, खेळणार नाहीस. त्याच आठवड्यात संघाचा मॅनेजर भेटायला आला, हातात एक नवाकोरा ओव्हरकोट आणि हॅट घेऊन. तेव्हाचे कोच तसेच उभे राहायचे, बेंचच्या मागे, लग्नाला आल्यासारखे. मॅनेजर म्हणाला, सोमवारपासून तू कोच. सगळ्यांना आनंद झाला, आईला सगळ्यात जास्त. एल्मर हो म्हणाला. कुणी इतकं चांगलं काही देऊ करतं तेव्हा नाही कसं म्हणायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

आणि तो उत्तम कोच होता, यात शंका नाही. पुढे इंग्लंडमध्ये त्याला मुद्दाम बोलावून घेतलं; तेव्हा लंडनच्या रिंक भरून वाहायच्या. युद्धानंतर तो इकडे मिडलंड्समध्ये आला. त्याच्या हाताखालची पोरं त्याच्या अंत्ययात्रेला स्कॉटलंडहून आली होती. पण बाकावर तो मला म्हणाला, 'पहिली काही वर्षं मी माझ्याच डिफेन्समनचा द्वेष करायचो. ते पडले की मला बरं वाटायचं. त्यांना गुडघे होते ना.' आणि मग, 'मला एक हिवाळा हवा होता, मर्ली. नुसतं वाईट वाटून घ्यायला. बूट काढायच्या आधीच त्यांनी मला कोट घातला.' यावर मला कुठलीही कविता सुचली नाही. सुमन चहा घेऊन आली आणि तो तिला म्हणाला, पुढच्या वेळी गुडघे वाकव.

हे सगळं मी विसरून गेलो होतो असं नाही, पण उपयोगाला आणलं नाही. तुझी आजी गेली तेव्हा तू पंधरा वर्षांची होतीस. पुढच्याच शनिवारी मी इथल्या हॉलवर, मी शिकवायचो त्या मुलांच्या मराठीच्या वर्गात उभा होतो, तुला आठवत असेल, त्या आठवड्यात तुम्ही सगळे इकडेच होतात आणि तू मागच्या रांगेत होतीस. सगळे म्हणाले, काका, कामात राहा, मुलांमध्ये राहा, तेच औषध. मी मुलांकडून चालीवर कविता म्हणून घेतली. आवाज चांगला लागला होता. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस आहे. आणि वर्ग सुटल्यावर ज्या मुलांना न्यायला त्यांच्या आज्या आल्या होत्या, त्यांच्याकडे मला बघवेना. मी त्यांच्यावर विनाकारण खेकसायला लागलो. विहान नावाचा एक मुलगा माझ्यामुळे वर्ग सोडून गेला. कविता मी पुढे चार-पाच वर्षं शिकवत होतो, पण त्या ऐकू यायच्या नाहीत. ओळ जिभेवर यायची आणि आत कुठे पोचायची नाही. लहानपणापासून जे एक माझं होतं, ते मी त्या शनिवारी नोकरीसारखं करून टाकलं. मग हळूहळू परत आलं. सगळं नाही आलं.

तर आता पॉइंटवर येतो. सोमवारी तुझ्या आईचा फोन आला होता. सुचेता म्हणाली, 'बाबा, ती फक्त तुमचं ऐकते. एवढी चांगली संधी आहे, तिला हो म्हणायला लावा, म्हणजे गुंतून राहील.' मी लिहितो म्हणालो. तिचं काही चुकलेलं नाही. तुला दिवसभर पडदे ओढून बसलेली बघणं तिला सहन होत नाही, मलाही झालं नसतं. तुझ्या बाबांना हो हवं आहे, क्लबला हो हवं आहे, त्या छोट्या मुलींनाही हो हवं असेल. या सगळ्यांत 'नाही'च्या बाजूने बोलणारं तुझ्याकडे कुणीच नाही, म्हणून मी हे पत्र लिहिलं. तुला मनापासून कोच व्हायचं असेल तर खुशाल हो. पण नसेल, तर या हिवाळ्यात मला जमणार नाही, एवढंच क्लबला कळव. कारण सांगू नकोस. त्यांना दुसरं कुणीतरी मिळेल, आणि पुढच्या वर्षी तुला वाटलं तर तूच त्यांना विचार. सुचेताला मी हे आज सकाळी फोनवर सांगून टाकलं. ती माझ्यावर भयंकर चिडली आहे. तिने माझं बोलणं पुरं होऊ न देता फोन ठेवला. ते माझ्याकडे राहू दे. तू तिच्याशी भांडू नकोस. रविवारी जे उत्तर देशील ते दे, आणि वाईट वाटतंय तोवर वाटू दे.

तुझाच, आणि या खेपेला फक्त तुझ्याच बाजूचा,
मुरलीधर आजोबा