महाराजांच्या चिठ्ठ्या

आबा, त्या चिठ्ठ्या मी खोट्या लिहिल्या. दोन्हीवर 'नवा' लिहिलं. 'जुना' लिहिलेली चिठ्ठी नव्हतीच. तू जाऊन आठ वर्सं झाली, आता सांगून काय उपेग न्हाय, तरी सांगतो.

तुझ्या बापानं तुझं नाव महाराजांचं ठेवलं, तितंच सगळा घोळ झाला. आपल्या गिरणीत कापड विणायच्या साचे खात्यात रीतच पडलेली. गणपतीत महाराजांचं नाटक बसवायचं आन् ज्याचं नाव महाराजांचं त्यानंच महाराज व्हायचं. त्याला काम येतंय का न्हाय, ते कोण बघत न्हाय. नऊ वर्सं तू झालास. वरीसभर धागा तुटला की खात्याचा मुकादम, जाबर, तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, आन् गणपतीत तोच जाबर भाला घिऊन तुला मुजरा घालायचा. त्या दिवसांत साच्यावर बी तुला एक शबुद बोलायचा न्हाय. नाटक संपलं तरी तू खाली उतरायचा न्हाईस की. जेवायला बसायचास ते छाती फुगवून. आई म्हणायची, "महाराज, भाकरी कडक हाय. तलवार आणू का?" आमी हसायचो. तू न्हाय.

त्या वर्सी तालमीत मी डोक्याला टॉवेल गुंडाळून तुझी नक्कल केली. सगळं खातं हसलं. तू येऊन फाडकन कानाखाली दिलीस. "महाराजांची थट्टा करतो व्हय रं?" मी म्हणलं, "महाराजांची कुटं? तुझी करतोय." तर दुसरी दिलीस. एकोणीस वर्सांचा बदली कामगार मी, सगळ्यांदेखत.

त्याच आठवड्यात करमाळ्याकडचा एक गडी खात्यात लागला. उंच, धारदार नाकाचा, दाढी स्वतःची. तुझी डिंकानं चिकटवलेली. आन् नाव तेच. आता हक्क दोघांचा बी. जाबर म्हणला, देवापुढं चिठ्ठ्या टाकू. नाव एकच, म्हणून चिठ्ठीवर 'जुना' आन् 'नवा' लिहायचं ठरलं. सातवीपत्तर शिकलेला म्हणून लिहायला मला बसवलं.

गंमत करायची होती म्हणलं तर खोटं होईल. तुला खाली उतरवायचं होतं मला.

जाबरच्या पोरीनं चिठ्ठी उचलली. 'नवा'. कोणतरी म्हणलं, "दुसरी बी उघडा की, खात्री होईल." मी दुसरी चिठ्ठी मुठीत धरली. तर तूच म्हणलास, "नको. देवानं एकदा सांगितलं, त्याला दोनदा इचारायचं नसतं." मी ती दुसरी चिठ्ठी प्रसादाच्या खोबऱ्याबरोबर गिळली.

तुला चोपदार केलं. गणपती बसल्यावर एका दुपारच्याला मंडपात नाटक लागलं. तू काठी आपटून ललकारी दिलीस, तुझंच नाव, दुसऱ्यासाठी. असला आवाज तुझा नऊ वर्सांत लागला नव्हता. तो गडी पहिल्याच दरबारात अडला. तू सिंहासनाशेजारी मान खाली घालून एकेक वाक्य त्याला पुटपुटत राहिलास. टाळ्या त्याला पडल्या. दुसऱ्या दिवशी, गणपती बसलेलाच होता, जाबर तुझ्या साच्यापाशी येऊन ओरडला, "ए आंधळ्या, धागा बघ की!" तू 'व्हय जी' म्हणलास. मी शेजारच्या साच्यावर होतो. लई बरं वाटंल असं वाटलेलं. न्हाय वाटलं.

पुढं तू आजारात पडून असताना मला इचारलंस, "माझं काय चुकलं असंल रं, देवानं मला उतरवलं?" तवा तरी सांगायचं. मी म्हणलं, "वय झालं तुझं." पुढचा गणपती तू बघितला न्हाईस. आता खात्यात नाटक बी होत न्हाय, ऑर्केस्ट्रा आणतात.

आईनं त्या सालापासनं घरात गणपती बसवला न्हाय. त्याची तसबीर बी भिंतीकडं तोंड करून ठेवलीय. म्हणते, "माझ्या मालकाला न्हाय म्हणलं त्यानं. मी त्याला कशाला हात जोडू?" आन् माझ्या ताटात एक भाकरी जास्त टाकते. "तूच एक राहिलास मला," म्हणते.

तुला पत्ता न्हाय, हा कागद टाकू कुटं? पत्र्याच्या पेटीत ठेवतो. कुणाच्या हाती लागलाच तर पाया पडतो तुमच्या, आईला सांगू नका. कुणालाच सांगू नका. तिचा राग देव सोसंल. मला सोसायचा न्हाय.