डब्यावरचं नाव

लेक्सिंग्टन, केंटकी
रविवार, १८ फेब्रुवारी १९९६

प्रिय होबार्टदादा,

तुझा गुडघा कसा आहे? इकडे थंडी हटत नाही. माझी तब्येत ठीक, जीभ त्याहून ठीक. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

पत्र तुला आहे, पण खोऱ्यातल्या सगळ्यांना वाचून दाखवलंस तरी चालेल. ज्यांच्या डोंगराखालचा कोळसा गाडी भरभरून बाहेर गेला आणि ज्यांच्या वाट्याला फक्त खोकला आला, त्या आपल्या सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे: आपली वस्तू दुसऱ्यानं विकली तर तो व्यवहार, आपण तिला नुसता हात लावला तर तो गुन्हा!

आपल्या नातीचं, लेथाचंच बघ. कॉलेजच्या दुकानात तिच्या बास्केटबॉलच्या नंबरचे सदरे टांगलेत. कॅलेंडरमधला मार्च महिना तिचा. तिकीटखिडकीवर ती उडी मारतानाचा माणसाएवढा फोटो. हे सगळं म्हणे शुद्ध, हौशी खेळ! आणि आपल्या शाळेच्या हॉलमध्ये, आग विझवायच्या पंपाला पैसे जमवायच्या लिलावात, तिनं तळलेली कोंबडी आणि मक्याची भाकरी भरून दिलेला डबा विकताना तिचं नाव घेतलं, तर तो धंदा. खेळाडूच्या नावावर काहीही विकायचं तर कॉलेजची लेखी परवानगी आधी हवी. ती नव्हती, म्हणून पोरगी अपात्र. शेवटच्या वर्षी, ऐन हंगामात. मी आयुष्यभर सभा गाजवल्या, पण एवढं निर्लज्ज वाक्य कुठल्या खाणमालकाच्या तोंडूनसुद्धा ऐकलं नाही.

असो. मला सांगायचं होतं ते वेगळंच.

चौकशीच्या दिवशी लेथानं मला सोबत नेलं. आत तिच्या प्रशिक्षक प्रूइटबाई होत्या, डोळे लाल. आणि स्ट्रिकलर नावाचे गृहस्थ, ज्यांचं काम नियम सांभाळणं. माणूस वाईट नाही. त्यानंच वाट दाखवली.

"हे बघ लेथा," तो म्हणाला, "तुला न विचारता कुणी तुझं नाव वापरलं असेल, तर दोष तुझा नाही. मला माहीत नव्हतं, एवढंच म्हण. शनिवारी मैदानात असशील."

"माहीत कसं नव्हतं? मी तिथंच उभी होते की."

"गोंगाट असेल. ऐकू आलं नसेल."

"आमच्या आजोबांचा आवाज? अहो, ते लिलावात बोली पुकारायला लागले की पलीकडच्या डोंगरावरच्या गाई उठून बसतात!"

प्रूइटबाई हसल्या आणि लगेच रडायला लागल्या. "पोरी, तुझ्यावाचून पाच जणी कशा उभ्या करू मी? म्हण ना एवढं!"

लेथा म्हणाली, "बाई, मी नुसती ऐकत नव्हते. हसत होते, हात हलवत होते. मला बरं वाटलं होतं. आता म्हणू, की आजोबांनी माझं नाव चोरलं?"

दादा, मी कधी गप्प बसलेली तू पाहिली आहेस का? त्या दिवशी बसले.

बाहेर आल्यावर मात्र मी तोंड सोडलं. नियम कसा लबाड आहे, तो कुणाच्या पोटासाठी लिहिलाय, सगळं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "लिनाआजी, नियम चुकीचा आहे हे ओरडायला तू आहेस. ओरड, थांबू नकोस. पण खोटं बोलायला मी नाही." आणि सरावाला गेली. खेळता येत नाही तर चेंडू गोळा करते, पोरींना पाणी देते. तिच्या जागी आलेली घाबरट पोर, तिला रोज तासभर वेगळं शिकवते. अपात्र म्हणे! या पोरीला मोजायचं माप त्यांच्या नियमांच्या पुस्तकात नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. डब्याच्या लिलावाचा आपलाही एक नियम आहे. बोली संपेपर्यंत डबा कुणाचा ते सांगायचं नाही. सगळ्या गावाला डब्याला बांधलेल्या रिबिनीवरून ठाऊक असतं, तरी सांगायचं नाही. चाळीस वर्षं लिलाव पुकारताना तू तो पाळलास. माझ्या डब्यावर कुणी बोली लावेना, तेव्हाही पाळलास, मेल्या. आणि यंदा जानेवारीत लेथाचा डबा हातात आला आणि तुला राहवलं नाही. "हा डबा त्या हातांनी भरलाय, ज्यांनी शेवटच्या क्षणी टेनेसीच्या संघाला हरवलं! माझी नात, लेथा कॉडिल!"

बाप गेल्यावर तिला तूच वाढवलंस. कोठाराच्या भिंतीला पिंपाचं कडं ठोकून पहिला चेंडू तूच टाकायला लावलास. ते नाव तू नाही घ्यायचं, तर कुणी? ती अपात्र ठरल्यापासून तू लिलावाला उभा राहिला नाहीस, चर्चमध्ये गेला नाहीस, असं शेजारीण कळवते. आपणच पोरीचं वाटोळं केलं, असं धरून बसला आहेस. तिनं एक खोटं वाक्य म्हटलं असतं तर ती आज खेळली असती, आणि तू कायमचा मान खाली घालून बसला असतास. तिनं उलटं निवडलं. आणि तू तरीही मान खाली घालून बसला आहेस! मग तिनं सोडलेला हंगाम फुकटच गेला की रे.

येत्या शनिवारी घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. त्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या मुलींना नाव घेऊन पुकारतात, आणि घरचं माणूस हात धरून त्यांना मैदानाच्या मधोमध नेतं. लेथा खेळणार नाही, पण तिला पुकारणार आहेत. तिनं प्रूइटबाईंना एकच मागितलं: माझं नाव ध्वनिक्षेपकावरच्या माणसानं नको, आजोबांनी पुकारावं.

परवानगी काढली आहे. आधी. लेखी. स्ट्रिकलरसाहेबांनी स्वतः सही केली आणि मला म्हणाले, "गाईंची तेवढी काळजी घ्या."

तेव्हा दादा, शनिवारी दोन वाजता निळा कोट घालून ये, मैदानाच्या मधोमध उभा राहा आणि तिचं नाव घे. बोली पुकारायची नाही. नुसतं नाव.

तुझी, डबा न खपलेली बहीण,
ऑर्लिना