वीजधार आणि कोबी

शेन गुरुजी,

तुमची ती दंतकथेतली वीजधार तलवार मी सरपणात एकदम नीट लपवली होती, शप्पथ! पण बंडाच्या भीतीने मंगोल सरकारने दहा घरांना मिळून एकच सुरी दिलीये, तीही विहिरीपाशी साखळीने बांधून. रांगेला कंटाळून मावशीने सरपण उचकलं. आता वीजधारेवर आख्ख्या गल्लीचा कोबी चिरतात.

मी म्हटलं, "मावशी, पौर्णिमेला बंड आहे, तलवार दे!"

"जिंकलात तर आम्हाला काय?"

"घरोघरी सुरी!"

"मग हे आधी सांगायचंस ना, गाढवे!"

तलवार काही मिळणार नाही, गुरुजी. दहा घरच्या बायका ती घेऊन स्वतःच येताहेत. मावशी म्हणाली, "तुझ्या गुरुजींना सांग, मध्ये लुडबुड नको."

हे पत्र पाठवायचा धीर होत नाहीये. पौर्णिमेला बाजूला उभे राहा.

तुमची घाबरलेली शिष्या,
लू छ्याओ