चार आण्यांची डॉक्टरीणबाई

घाटंजी, दि. २२ एप्रिल १९६२

सन्माननीय गोविंदादादा यांसी,

घाटंजीहून भीमराजचा मनापासून जयभीम. आत्याबाईंना माझा वाकून नमस्कार सांगावा (त्यांच्या गुडघ्यांमुळे त्यांना वाकवत नाही, म्हणून त्यांच्या वाटचंही मीच वाकलो असं समजावं). तुमचा खोकला, तुमच्या शाळेचं छप्पर आणि तुमची काळी शेळी, तिघांची प्रकृती कशी आहे ते कळवावं. मागच्या पत्रात तुम्ही शेळीबद्दल सविस्तर लिहिलं होतं, पण खोकल्याबद्दल एकच ओळ होती, त्यावरून खोकला वाढला असावा असा तुमच्या लेकीचा, जयाचा तर्क आहे. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. जयाही खुशाल आहे. (एखाद्याची खुशाली दोनदा लिहिली की वाचणाऱ्याला शंका येते, म्हणून पुन्हा लिहीत नाही.)

तुम्ही मास्तर माणूस, म्हणून शुद्ध लिहायचा प्रयत्न करतो. पण आमच्या कापसाच्या जिनमधली माणसं शुद्ध बोलत नाहीत, त्याला माझा इलाज नाही. त्यांचं बोलणं मी दुरुस्त करून लिहिलं तर ती खोटी वाटतील.

तर हकीकत अशी की यंदा दिवाळीनंतर जिन सुरू झाला आणि आमच्या मालकांच्या डोक्यात एक कल्पना शिरली. दरवर्षी ऐन हंगामात कुणाला ताप येतो, कुणाला हगवण लागते. माणूस औषधाला म्हणून यवतमाळच्या मोटारीत बसतो आणि पाहुणचार आटोपून चौथ्या दिवशी परततो. तोवर इकडे कापसाच्या गाड्या फाटकापर्यंत उभ्या. त्याच सुमारास गावात एक नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या. विमल चेंडके त्यांचं नाव. नागपूरला शिकलेल्या, वयानं जयापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. पण बाई म्हणून पुरुष जाईनात, आणि पुरुष जात नाहीत तिथं काही खरं नसणार म्हणून बायाही जाईनात. बाई आपल्या दवाखान्यात बसून वर्तमानपत्रातल्या जाहिरातीसुद्धा दोनदा वाचत. मालकांनी दोन्ही अडचणींची गाठ मारून दिली. प्रत्येक कामगाराच्या पगारातून महिन्याला चार आणे, तेवढेच मालकांचे, आणि त्या बदल्यात कामगारानं आणि त्याच्या घरच्यांनी वाटेल तेव्हा प्रकृती दाखवावी, औषध न्यावं, वेगळं काही द्यायचं नाही.

हे समजावून सांगायला बाई स्वतः जिनमध्ये आल्या आणि कापसाच्या गंजीजवळ उभं राहून म्हणाल्या, "गावात न्हाव्याला कसं वर्षाचं बलुतं देतात, तसंच हे." दादा, बलुत्याचं नाव ऐकताच माझे कान उभे राहिले. ज्या गोष्टीतून आपण लोक आता कुठं सुटलो, तिच्यात ही शिकलेली बाई आपणहून शिरत होती! (आणि त्या न्हाव्यानं आपल्या लोकांच्या डोक्याला कधी हात लावला होता, हेही तिला कुणी सांगितलेलं नसावं.) पण सरकी काढायच्या रेच्यावर कापूस टाकणारी मानीबाई आहे ना, तिला मात्र हिशोब लगेच कळला. ती म्हणाली, "न्हाव्याले वरीसभराचे दाणे देतो तं डोकंई वरीसभर त्याच्या हाती देतो. मंग बाई, म्या रोज आली तं चालते का?"

बाईंनी "चालते" म्हटलं. तिथंच चुकलं.

पहिला पगार झाला आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यासमोर जत्रा भरली. चार आणे कापले गेले ना, मग ते वसूल नकोत करायला? ज्याला काही होत नव्हतं त्याला मागच्या वर्षी झालेलं आठवलं. मानीबाईनं औषधासाठी आणलेली बाटली एवढी होती की तिच्यात दोन शेर गोडेतेल मावलं असतं. एक जण शेजाऱ्याच्या बैलासाठी मलम मागत होता. बाईंनी सगळ्यांच्या जिभा पाहिल्या, नाड्या पाहिल्या, खरे आजारी बाजूला काढले आणि उरलेल्यांना एका रांगेत उभं करून प्रत्येकाला आपल्या समोर एक मोठा पेला एरंडेल पाजलं. "सगळ्या रोगांवर चालते," म्हणाल्या. लोक तृप्त होऊन घरी गेले. दादा, दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तेव्हा अर्धा जिन पलीकडच्या तुरीच्या वावरात होता. मालक फाटकात उभे राहून हाका मारत होते आणि तुरीतून नुसत्या ओ येत होत्या, माणूस एकही येत नव्हता. तेव्हापासून बिनआजाराचं कुणी दवाखान्यात गेलं नाही.

एक मी सोडून. माझं दुःख निराळं होतं. मी काट्यावर बसतो, वजनं लिहितो, मला कधी साधं पडसं होत नाही. चार आण्यांचा चंदा दर महिन्याला कटत होता आणि बदल्यात माझ्या पदरात काहीच पडत नव्हतं. जया तर टोचून म्हणे, "बाकीच्याईच्या घरी बाटल्या आल्या, आपल्या फळीवर एक तरी आहे काय?" शेवटी मी पोटात दुखतं असं ठरवलं आणि गेलतो एका दुपारी. बाईंनी पोट दाबलं, पाठ ठोकली, डोळे ओढून पाहिले आणि म्हणाल्या, "पोट उत्तम आहे. तोंड उघडा." उघडलं. "वरची दाढ किडली आहे. दुखत नाही?" म्या म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "दुखेल." आणि पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण मी डोळे मिटले होते, पण पोट दाखवायला गेलेला तुमचा जावई दाढ ठेवून घरी आला. जयानं विचारलं, "बाटली?" मी तोंडातला कापसाचा बोळा दाखवला.

आता बाईंचं गणित पाहा. रोगी दहा आले काय नि शंभर आले काय, बाईंना मिळायचं ते तेवढंच. म्हणजे आपण धडधाकट राहण्यात सर्वांत मोठा फायदा बाईंचा! हे त्यांना आमच्या आधी कळलं. म्हणून त्या दर मंगळवारी जिनमध्ये येऊ लागल्या. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत वाकून पाहिलं तर आत एक बेडूक निवांत बसलेला. (तो तिथं आहे हे आम्हां सर्वांना ठाऊक होतं. बेडूक असला की पाणी गार राहते, असा आमचा समज होता.) बेडूक काढला, टाकी घासून घेतली, वर झाकण बसवलं. मग फर्मान निघालं की रेच्यावर जो कुणी उभा राहील त्यानं नाकातोंडाला फडकं बांधायचं, रुईची धूळ छातीत जाते. लोक चिडले. "आपण पैसे भरले औषधाचे आणि हे बाई देऊन राह्यली उपदेश," असं उघड बोलू लागले. पण पौषात दरवर्षी अख्खा जिन रात्रपाळीला खोकतो, तो यंदा खोकला नाही. एवढं होऊनही श्रेय कुणी दिलं नाही. यंदा थंडीच चांगली होती, म्हणाले.

सगळ्यांत कडवा विरोधक डोंगरसिंग. हा प्रेसवर गाठी बांधतो, जवळच्याच तांड्यावर राहतो. अंगानं सागाच्या खोडासारखा आणि मिशा अशा की फडकं बांधायला जागाच नाही. चंद्यातही तो शिरला नव्हता. "जो पडनार त्यानं भराव. डोंगरसिंग पडत नाई," असं तो मालकांना तोंडावर म्हणाला होता.

फाल्गुनात एके दिवशी गाठ आवळताना लोखंडी पट्टी सटकली आणि त्याची पोटरी चिरत गेली. पठ्ठ्यानं कुणाला सांगितलं नाही. जखमेत तंबाखू भरली, वर धोतराची चिंधी आवळली आणि पाळी पूर्ण केली. पुढचे दोन दिवस लंगडत आला. तिसऱ्या दिवशी माझ्या काट्याजवळ येऊन बसला तो उठेचना. अंग तव्यासारखं तापलेलं, पाय केळीच्या बुंध्याएवढा सुजलेला, आणि वास असा की मला नाक धरावं लागलं. दादा, मी घाबरलो. आमच्याच जिनचा एक माणूस अशाच जखमेनं मागच्या साली दात खिळून गेला होता, ते मला दिसू लागलं. सरकी घेऊन जाणारी एक गाडी थांबवली, त्याला वर चढवलं आणि दवाखान्याच्या दारात आणलं. तिथं हा म्हणतो, "म्या आत येत नाई."

"काहून?"

"म्या चंदा भरला नाई. फुकटचं म्या घेत नाई. परत ने."

तिथं वाद घालण्यात काही अर्थ नव्हता. मी म्हटलं, "हे पाह्य, म्या चंदा भरला आहे आनं मले रोग नाई. तुले रोग आहे आनं चंदा नाई. आजच्या दिवस तू भीमराज होय."

हे त्याला पटलं. आत गेल्यावर बाईंनी विचारलं, "नाव?" हा तापातही ठणकावून म्हणाला, "भीमराज." मी भिंतीकडे पाहत उभा राहिलो. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्या मिशांकडे. मग म्हणाल्या, "तोंड उघडा." आत पाहिलं. "वा भीमराज! दाढ परत उगवली की तुमची."

मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. पण बाई हसल्या नाहीत. चिंधी सोडत सोडत त्या गंभीर झाल्या. म्हणाल्या, "नाव कुणाचंही असू दे, पाय कुणाचा आहे ते मला दिसते. जिनमध्ये जो पाऊल ठेवतो तो माझा. चंद्याचं बरं झाल्यावर पाहू." मग मला म्हणाल्या, "खांदे धरा याचे." जखम धुताना त्या सागाच्या खोडानं "याडी वो, याडी" अशी आईला हाक मारली ती बाहेर गाडीच्या बैलांनी ऐकली. सुई टोचली, पू काढला, आणि पुढं कितीतरी दिवस बाई स्वतः त्याच्या तांड्यावर चालत जाऊन पट्टी बदलत राहिल्या. त्यांनी एकदा मला वाटेत सांगितलं, "अजून एक दिवस उशीर झाला असता तर पाय वाचला नसता. माणूसही कदाचित नाही." ते ऐकून मी त्या दिवशी काट्यावर दोन गाड्यांचं वजन चुकवलं.

पाय वाचला. डोंगरसिंग आता किंचित लंगडतो, पण चंद्यात आहे आणि पागोट्याचं टोक नाकावरून ओढून प्रेसवर उभा राहतो. कुणी उघड्या तोंडानं दिसला की त्याच्या अंगावर धावून जातो. बाईंपेक्षा त्याचाच धाक जास्त आहे. आणि आता हंगाम संपत आला, तेव्हा मालक म्हणाले की जिन बंद, चंदाही बंद, पुढच्या दिवाळीला पाहू. तर हाच डोंगरसिंग मानीबाईला आणि सगळ्या बायांना घेऊन मालकांसमोर उभा राहिला. म्हणाला, "मालक, जिन बंद झाला म्हनून ताप बंद होत नाई. पावसायात तं जास्तच येते." मालकांनी पुष्कळ डोकं खाजवलं, पण शेवटी मान हलवली. चंदा बारमाही झाला.

तर अशी इकडची गंमत. पत्र लांबलं याबद्दल राग नसावा. खोकल्याची काळजी घ्यावी आणि आमच्यावर आहे ती माया तशीच ठेवावी.

तुमचा,
भीमराज

ता. क. — एक लिहायचं राहिलं. जयाला सहावा महिना चालू आहे. बाईंनी तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाल्या. श्रावणात होईल.

ता. क. दुसरा — दादा, खरं म्हणजे याच्यासाठीच पत्र लिहायला बसलो आणि बेडूक-एरंडेलातच फिरत राहिलो. बाळंतपण माहेरी, ही रीत मला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी ती तुमच्याकडं आली तेव्हा तुम्ही काही कमी केलं नाही. त्या रात्री नाल्याला पूर, पलीकडं डॉक्टर, आणि तुम्ही छातीएवढ्या पाण्यात बैल घातले होते हे मला जयानं सांगितलं आहे. लेकरू राहिलं नाही, त्यात कुणाचा दोष नव्हता, नाल्याचा होता. पण यंदाही श्रावणच आहे आणि नालाही तोच आहे. इथं आमच्या घरापासून दवाखाना हाकेवर आहे. तेव्हा तिला इथंच राहू द्यावं आणि आत्याबाईंनीच इकडं यावं, अशी हात जोडून विनंती आहे. लेकीला माहेरी नेलं नाही म्हणून त्यांना वाईट वाटेल, या भीतीनं जया गप्प आहे. आत्याबाईंना डॉक्टरीणबाईंचं काही सांगू नका. जावयाच्या हातचं खाऊन पोरगी वाळून चालली, एवढं सांगा, त्या लगेच निघतील.

ता. क. तिसरा — पाकीट चिकटवण्याआधी जयानं हे पत्र वाचलं. ती हसून राह्यली. म्हणते, तिनं मायले होळीच्या आधीच कळवलं, आणि मायचा निरोपही आला: येत्या सोमवारच्या मोटारीनं येऊन राह्यली, गाठोडं केव्हाचं बांधून ठेवलं आहे. आणि म्हणते की तुम्हीच मायला इकडं पाठवायचं ठरवलं होतं, पण बाळंतपण माहेरी करत नाही म्हणून जावई रागावेल या धाकानं दीड महिना मला त्याबद्दल लिहिलं नाही. म्हणून मागच्या पत्रात नुसती शेळी लिहिली. आता एवढं लिहिलंच आहे तर पाठवतो. सोमवारी मोटारतळावर मी उभा राहीन.