एका रेघेचा अर्थ

धामापूर

प्रिय जितेंद्र,

तुझा नंबर बदलला, म्हणून हे पत्र. लवूची माशांची गाडी आठवड्यातून दोनदा मडगावला जाते. तुझा चुलतभाऊ असूनही तो तुझ्याबद्दल माझ्याशी कधी बोलत नव्हता. परवा मात्र पत्र नेईन म्हणाला. माझं अक्षर पाहून फाडून टाकू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग काय करायचं ते कर.

आधी माझी खबर. सुशांतसारखा भाऊ गेल्यावर मी नर्सिंगला गेले, हे तुला कळलं असेलच. आता किनाऱ्याकडच्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. यंदा आम्हा काही जणींना सार्वजनिक आरोग्याच्या वर्गाला घातलंय. दर शनिवारी एसटीने ओरोसला जायचं. विषयाचं नाव जीवसांख्यिकी. नाव ऐकून मी निम्मी मेलेच होते. ज्या मुलीला दुकानातली सुटी मोड तू मोजून द्यायचास, ती आता सरासरी आणि मध्यक काढते, विश्वास बसेल? पहिल्या परीक्षेत मी सपशेल नापास झाले. मग शिकवणाऱ्या जानकी मॅडमनी मला जवळ बसवून सांगितलं, की सरासरी म्हणजे सगळ्यांत सारखं वाटून घेतलेलं, आणि मध्यक म्हणजे उंचीप्रमाणे रांग लावली तर मधोमध उभा राहणारा माणूस. तेव्हापासून मला आकड्यांच्या जागी माणसं दिसायला लागली. ते बरं झालं की वाईट, कोण जाणे.

मागच्या महिन्यात मॅडमनी फळ्यावर चार चौकोन काढले. वर लिहिलं, आजार आहे, आजार नाही. बाजूला लिहिलं, चाचणी हो म्हणते, चाचणी नाही म्हणते. उदाहरण घेतलं लेप्टोचं, पावसाळ्यात शेतातल्या चिखलातून होणाऱ्या त्या तापाचं. म्हणाल्या, समजा, खरोखर लेप्टो झालेली शंभर माणसं आहेत आणि तापाच्या पहिल्या एकदोन दिवसांतच आपण त्यांची ती कार्डाची तपासणी केली. कार्ड ज्याच्यावरून ओळखतं, ते रक्तात तयार व्हायलाच काही दिवस लागतात. तेव्हा समजा, चाळीस जणांत सापडलं. उरलेले साठ? असं म्हणून त्यांनी खालच्या डाव्या चौकोनात साठचा आकडा लिहिला. आजार आहे, पण चाचणी नाही म्हणते. बाकीच्या वहीत उतरवून घेत होत्या. मला त्या चौकोनात सुशांत बसलेला दिसला, लावणीच्या चिखलाचे पाय तसेच घेऊन. मी उठून बाहेर नळावर गेले आणि किती वेळ तोंड धूत राहिले.

तू त्याचं रक्त घ्यायला आलास ती दुपार मला लख्ख आठवते. कुडाळच्या लॅबमधून सुटी झाल्यावर तू वालावलला घरी न जाता थेट आमच्याकडे आलास. वडील गेल्यापासून सगळी शेती सुशांतच बघायचा. आदल्या संध्याकाळी तो शेतातून कुडकुडतच आला होता. सुई टोचताना तू नेहमी करायचास तेच केलंस. "थंय बघ, खंड्यो!" त्याने मान वळवली आणि तुझं काम झालंसुद्धा. "माका काय ल्हान समाजलंस?" म्हणून तो केवढा हसला. संध्याकाळी तू कार्ड दाखवायला परत आलास. एकच रेघ उमटली होती, आजाराची दुसरी नव्हती. तू आईला म्हणालास, "लेप्टो नाय. तापाच्या गोळये घेवंदे, दोन दिसांनी बरो होतलो." आईने त्याच आनंदात तुला जेवायला बसवलं. आपला साखरपुडा झाला होता, दिवाळीनंतर लग्न होतं, घरचाच होतास तू.

पुढचं तुला ठाऊक आहे. डोळे पिवळे झाले, लघवी बंद झाली. गाडीत घातला तेव्हाही तो मलाच धीर देत होता.

बाराव्याला तू आलास, तेव्हा आई घरासमोरच्या खळ्यात उभी होती. "माझ्या झिलाक तू बरो म्हटलंस, म्हणान आमी गप रवलाव," एवढंच ती बोलली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तू खाली मान घालून पायरीवरूनच परत गेलास. पुढच्या आठवड्यात तळ्याकाठी, भगवतीच्या देवळामागे, मला म्हणालास, "तुझ्या आवशीसमोर मी रोज जेवूक बसतलंय कसो?" मी किती समजावलं. हात धरला, रडले, भांडलेसुद्धा. पण माझ्याकडे नुसती माया होती रे. तुला पटेल असं कारण नव्हतं.

ते कारण आता फळ्यावर होतं. वर्ग संपल्यावर मी मॅडमना सगळं सांगितलं आणि विचारलं, त्याच दिवशी औषध सुरू केलं असतं तर माझा भाऊ वाचला असता का? त्यांनी हातांचा खडू पुसला. म्हणाल्या, "तुझा भाऊ एकच होता ना? मग नाही सांगता येणार. शंभर असते तर सांगितलं असतं." मला त्यांचा राग आला. एसटीत बसल्यावर वाटलं, खोटं बोलून समजूत घालणारे पुष्कळ भेटले, खरं बोलणारं हे पहिलंच माणूस. म्हणून तुलाही खरं तेच सांगते. तो वाचलाच असता असं कुणी म्हणू शकत नाही. वाचला नसताच, असंही नाही. पण तुझं कार्ड खोटं नव्हतं आणि तुझा हात चुकला नव्हता. लावणीचे दिवस, चिखलातला माणूस, अंगात ताप. अशा वेळी एक रेघ म्हणजे "नाही" नव्हे, "अजून कळत नाही". हे तुला कुणी शिकवलंच नव्हतं.

त्या रविवारी मी आईसमोर काजूच्या बिया मांडल्या. शंभर. त्यातल्या साठ बाजूला सरकवल्या आणि जमेल तसं समजावलं. तिने त्यातली एक बी उचलली. मग म्हणाली, "म्हणजे माझो झील ह्या साठांतलो?" मी मान हलवली. "मगे परत कोणीच कसा बघूक नाय?"  कार्डाने नाही म्हटलं आणि आपण सगळेच थांबलो, तीसुद्धा, मीसुद्धा. ती उठली, चुलीकडे गेली आणि सुशांत गेल्यानंतर पहिल्यांदा मोठ्याने रडली. रात्री माझ्या पानात भात वाढताना म्हणाली, "त्या पोराक मी नको ता बोललंय. त्याका सांग, ये म्हणान. अजून काय उशीर जावंक नाय."

जितेंद्र, उशीर झालाय हे मला परवाच कळलं. लवूने बंदरावर सांगितलं, की गेल्या वैशाखात तुझं लग्न झालं. लॅबचं काम तू कधीच सोडलंस आणि आता टाइल्सच्या दुकानात उभा असतोस, हेही त्यानेच सांगितलं. लग्नाचं ऐकून मी घरी आले आणि भांडी घासत बसले. पण दुकानाचं ऐकून जे झालं, ते माझ्याच्याने गिळवेना. म्हणून हे पत्र लिहिलं. तुला बोलवायला नाही. तुझ्या हातासारखा हलका हात मी अजून कुठल्या लॅबमध्ये पाहिला नाही. परत जा त्या कामावर. कुणाची एकच रेघ उमटली, तर त्याला सांग, ताप आहे तोवर थांबू नकोस, डॉक्टरला दाखव, काही दिवसांनी परत तपासून घे. एवढं माझ्यासाठी कर. दुसरं काही मागण्याचा हक्क आता माझा नाही. पत्र बायकोला दाखवलंस तरी चालेल. आई रोज विचारते, तो कधी येणार. अजून तिला काही बोलले नाही. उद्या सांगेन.

तुझीच, हे या कागदावर शेवटचं,
सुगंधा