उजवा कुलर गार

३ फेब्रुवारी

आज बाबांनी काम माझ्या अंगावर टाकलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंची ती बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्‌स कार. "हे सगळं तुझं. मी आपला हमाल," म्हणाले आणि हात पुसत चहाला निघून गेले.

गाडीच वेगळी आहे. हिच्या इंजिनात दट्टे, म्हणजे पिस्टन, वरखाली होत नाहीत, तिकोनी रोटर गरगर फिरतात. तापतात फार, आणि त्यांना आतून गार ठेवतं ते तेलच. चढाच्या रस्त्यावर बाईंचं तेल एकशे तीस अंशांपर्यंत जातं. असं चालू राहिलं तर इंजिन बसणार. एकदा उघडून बांधून झालंय. दुसऱ्यांदा लागणारे भाग आता मिळत नाहीत. म्हणजे चुकायला जागा नाही. आणि जागा नसली की माझ्या हातून हमखास चूक होते.

ठरलंय ते असं — तेलाचा जुना एकुलता कुलर काढायचा. त्याच्या जागी दोन मोठे, बंपरच्या मागे, एक डावीकडे, एक उजवीकडे. तेल दोन्हींत वाटून जाईल आणि गार होऊन परत एकत्र येईल. चढावर एकशे पाचच्या वर काटा जाता कामा नये.

जमलं तर गॅरेजच्या चाव्या माझ्याकडे, असंही बाबा म्हणाले. जाता जाता, पाठमोरेच.

४ फेब्रुवारी

कामाची यादी केली. मग यादीत काय राहिलंय त्याची यादी केली.

७ फेब्रुवारी

कुलर आले. नवे जाड पाइप आले. पाइपांवर चढवायला उष्णता अडवणारं कापडी वेष्टण मागवलं होतं, तेही आलं. मी लाल निवडलं होतं. बाबांनी हातात घेऊन पाहिलं. "लाल कशाला?"

छान दिसतं म्हणून, मी म्हटलं.

"दिसतं खरं," म्हणाले आणि ठेवून दिलं.

दुपारभर त्यांना आकृती समजावून सांगितली. आमच्या घरात पाटी पहिल्यांदा माझ्याच हातात आली, त्याआधी कोणाच्या नाही. बाबांना अक्षर लागत नाही. पण तेल कुठून निघून कुठे जातं ते मी बोटानं दाखवलं, तर दुसऱ्याच खेपेला त्यांनी मला विचारलं — उजव्या पाइपाला एवढं वळण कशाला? विचारलं ते बरोबर होतं! वळण काढलं. पदविका माझी आणि डोकं त्यांचं. या माणसानं माझ्या फीसाठी रविवारी कधी दुकान बंद ठेवलं नाही, हे आज उगीचच आठवत राहिलं.

९ फेब्रुवारी

जुना कुलर निघाला. आता सगळ्या पाइपांची तोंडं उघडी. त्यांत कचरा गेला तर तो थेट तेलात. मी सहा तोंडांना सहा प्लास्टिकच्या टोप्या लावल्या, त्यांवर आकडे घातले, यादीत लिहिले.

बाबांची रीत वेगळी. ते चिंधी कोंबतात, आणि तिला एका जुन्या लाल चादरीची वीतभर पट्टी बांधून बाहेर लोंबती ठेवतात. लाल शेपूट दिसतंय तोवर काम अपुरं. ती चादर मी शाळेत जायला लागल्यापासून फाटतेच आहे, संपत नाही. मी मनात हसले. मग वाटलं, लिहिता न येणाऱ्या माणसाची ती यादीच की. हसायचं काय त्यात?

११ फेब्रुवारी

बाबांनी उजव्या कुलरचा कंस, म्हणजे तो धरून ठेवणारी लोखंडी पट्टी, घासून बसवला. मी तेव्हा बोल्ट आणायला गेले होते. परत आले तर कंस असा चपखल, की मापपट्टी लावायची लाज वाटावी. (लावली.)

डॉक्टरीणबाईंना रोज फोटो हवा असतो. वेष्टणाचे दोरे जिथे तिथे निघालेले, बरं दिसेना. कात्री घेऊन लोंबतं ते सगळं छाटलं. तुकडे डब्यात टाकले. आईची शिकवण, उरलंसुरलं फेकायचं नाही. फोटो सुरेख आला.

आई म्हणाली, तेल सांडायचं तुम्ही दोघांनी आणि मोरी घासायची मी. माझा फोटो कोण काढणार? काढला. हातात ब्रश घेऊन ऐटीत उभी राहिली.

१२ फेब्रुवारी

सहा टोप्या काढल्या. यादीत सहा खुणा. पाइप जोडले, तेल भरलं. ठिणगी बंद ठेवून इंजिन नुसतं फिरवलं, दाबाचा काटा वर आला. उद्या चढ.

१३ फेब्रुवारी

आज चढावर गेलो.

चढावर काटा शंभर, एकशे दहा, एकशे अठरा. मी गाडी थांबवायला सांगितली. डॉक्टरीणबाई स्वतः चालवत होत्या, मी शेजारी, बाबा मागून स्कूटरवर. बाबा आले, बंपरखाली हात घातला. डावा कुलर — हात झटकन मागे. उजवा — हात तसाच ठेवला.

"हा गार आहे," म्हणाले.

"गार व्हायलाच बसवलाय ना?" बाई.

"इतका गार नको."

गाडी ओढून दुकानात आणली. उजव्या कुलरचा पाइप सोडला, तर कुलरच्या तोंडात चिंधी. घट्ट बसलेली. सगळं तेल एकट्या डाव्यातून जात होतं.

मी यादी काढून पाहिली. यादीत सहाच टोप्या होत्या, सहाही निघाल्या होत्या. ही सातवी कुठून आली?

बाबांनी चिंधी हातात घेतली. उलटून पाहिली, पुन्हा उलटून पाहिली, आणि खिशात टाकली.

"माझी आहे," म्हणाले. "कंस घासताना कीस जाऊ नये म्हणून कोंबली. काढायची राहिली."

बाई म्हणाल्या, "तुमची मुलगी इतकं जपून काम करते. यापुढे माझ्या गाडीला हात तिचाच लागू दे."

बाबांनी मान हलवली. आयुष्यात त्यांना असं कोणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

तेलाचा फिल्टर कापून पाहिला. चिंधीचे चार दोरे, सगळे फिल्टरातच अडलेले. पुढे इंजिनात काही नाही. त्या चार दोऱ्यांकडे बघून मी रडले. इंजिन वाचलं! कोणाचे आभार मानायचे कळेना, फिल्टरचेच मानले.

१५ फेब्रुवारी

तोच चढ. तेच ऊन. काटा एकशे दोनवर जाऊन थांबला, पुढे हलला नाही. दोन्ही कुलर सारखेच गरम. डॉक्टरीणबाईंनी गाडीतच माझा हात धरला.

चाव्या मिळाल्या. आईनं त्यांना लोकरीचा गोंडा लावून दिला.

संध्याकाळी मी बाबांना म्हटलं, मनाला लावून घेऊ नका, होतं असं. ते म्हणाले, "होतं." मी म्हटलं, यापुढे तुमच्या चिंध्याही माझ्या यादीत लिहू या. "लिही की," म्हणाले. मी किती समजूतदारपणे बोलले, याचं मलाच बरं वाटत होतं. चूक त्यांची आणि मी अवाक्षरही बोलले नाही! झोपताना देवाला म्हटलं, मला त्यांचा राग आला नाही, हे तुझेच उपकार.

१७ फेब्रुवारी

डबा आवरला. वेष्टणाच्या लाल तुकड्यांत एक तुकडा वेष्टणाचा नाही. चादरीचा. वीतभर पट्टी, एक टोक फाडलेलं, दुसरं कात्रीनं सरळ कापलेलं. बाबा कधी कात्री वापरत नाहीत, फाडतात.

डॉक्टरीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं. आता बाबांना सांगायला जाते. त्यांना सांगायचं म्हणजे तरी काय — त्यांना चिंधी उलटून पाहिली तेव्हाच कळलं होतं.