चिंचेने घासलेली धूपदाणी

क्लेमेंटी, सिंगापूर, दिवाळी २००४

ती. आईस नमस्कार,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा गुडघा कसा आहे?

तू पाठवलेली चिंच पोचली आणि मी घोळ केला. दिवाळी म्हणून घरमालकीण मॅडम तान यांची काळीकुट्ट काशाची धूपदाणी घासून लख्ख केली. नक्षी समजत होते, ती अरबी अक्षरं निघाली. चीनमधल्या मुसलमानांसाठी कधीकाळी घडवलेली आहे म्हणे. तो काळेपणा मळ नव्हता गं, पिढ्यान्‌पिढ्यांचा धूर होता. त्यांच्या सासऱ्यांनी तो जपला होता.

त्या रागावल्या नाहीत. "सो शायनी, लाह," एवढंच इथल्या लकबीत म्हणाल्या. मला मान वर करवत नाही. बाबांना सांगू नकोस.

आता पुन्हा काळी व्हावी म्हणून त्या रोज तीत जास्तीचा धूप जाळतात. आई, ऐंशीच्या आहेत गं त्या.

तुझी,
इरा